विदाऊट

हमीदा तांबोळी टेलिफोन एक्स्चेंजातून रिटायर झाल्या
तेव्हा अर्ध्या पुण्याचे नंबर त्यांना पाठ होते.
डोळ्यांचं त्यांनी कधी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
आता नाना पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
त्या कॉम्प्युटरकडून पुस्तकं वाचून घेतात
आणि कॉम्प्युटर फार रेंगाळतो, ही त्यांची तक्रार.

"मला कुणी कुक्कुलं बाळ समजून बोलतंय असं वाटतं.
वेग वाढव."
मी पट्टी टोकाला नेली.
"अजून."
"पट्टी संपली, बाई."
"पट्टी केली कुणी?"

हा प्रश्न घेऊन मी नऱ्ह्याच्या बसमध्ये बसलो.

रात्री सोर्स उतरवला.
त्या आवाजाचं सगळं गाठोडं: स्वर, व्यंजनं,
'ळ' कसा म्हणायचा त्याच्या चौदा ओळी,
आणि एका कोपऱ्यात 'रूल्स' नावाची फाइल.
कुठल्या तरी दूरच्या गावातल्या माणसानं
सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेली.
एकोणिसाव्या ओळीवर दोन आडव्या रेघा
आणि त्यांना चिकटून: विदाऊट.
भरधाव बोलायची लायब्ररी, विदाऊट.

आकस नव्हता त्यात.
पसारा नको वाटला असेल,
किंवा त्या दिवशी घाईत असेल.
आपल्याकडे खानावळीत आमटीत गूळ पडलेलाच असतो,
कोण विचारतं?

मी त्या शब्दाचं शेपूट खोडलं.
एवढंच. बाकी सगळी रात्र त्या एवढ्याशाच्या मागे गेली.

एकीला दुसरी लायब्ररी हवी,
दुसरीला तिसरी, आणि तिसरीचं नुसतं नाव असून चालत नाही,
तिची हेडरंही लागतात.
मग बिल्ड अकराव्या सेकंदाला मेला:
ओळीच्या आधी मी आठ स्पेस दिल्या होत्या,
त्याला एक टॅब हवा होता.
डोळ्यांना दोन्ही सारखेच कोरे.
(बाईंना हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या,
"हातानं बघायचं होतंस.")

दुसऱ्यांदा लावला तेव्हा उजाडून वर गुरुवार होता.
म्हणजे लाइट जाणार.
जुन्या बाजारातला लॅपटॉप, बॅटरी नऊ मिनिटांची,
बासष्ट टक्क्यांवर काळोख.
खाली महावितरणचा माणूस खांबावर चढलेला,
त्याचा डबा खांबाच्या बुडाशी.
मी गॅलरीतून बघत राहिलो.
घाई करा म्हणावं, असं त्याच्या चपलांकडे बघून वाटेना.

संध्याकाळी तिसऱ्यांदा.
पंखा घरघरला, ओळी वाहत गेल्या,
मध्येच पिवळ्या सूचना, त्या मी वाचल्या नाहीत,
कुणीच वाचत नाही.
शेवटी गाठोड्याला नाव द्यावं लागतं:
आवृत्तीच्या आकड्यापुढे अधिकचं चिन्ह,
आणि बदलांच्या वहीत कोणी, कधी, का.
'का'च्या पुढे मी आधी लिहिलं 'वेगमर्यादा काढली'.
खोडून लिहिलं:
'हमीदाबाईंना हळू ऐकायचा कंटाळा येतो.'

रविवारी पॅकेज बसवलं
आणि त्याच्यावर कुलूप घातलं,
नाहीतर पुढचं अपडेट येऊन
सगळं पुन्हा सगळ्यांसारखं करून जाईल.
हे कुलूप दर वेळी मलाच उघडायला यावं लागेल
हे मी बाईंना बोललो नाही.
त्यांनी चहा टाकला होता.

त्यांनी पट्टी स्वतः सरकवली.
आवाज आधी मराठी होता,
मग कढईत मोहरी तडतडावी तसा,
मग मला नुसती एक सरसर ऐकू येत होती,
न तुटणारी.
बाई मान किंचित कलती करून बसल्या,
पूर्वी हेडफोन लावून बसत असतील तशा.

चार मिनिटांनी त्या खो खो हसल्या.
"काय? काय झालं?"
त्यांनी तळहात वर केला.
"थांब. माणूस बोलतोय."